पियानोचा सराव आणि शेजाऱ्याची झोप

गेल्या उन्हाळ्यात जळगाव जामोद येथे एका कुटुंबाच्या घरी जाण्याचा योग आला. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावातील एखाद्या घरात पियानो असेल, अशी कल्पनाही मी कधी केली नव्हती. परंतु या कुटुंबाच्या मुंबईतील नातलगांनी घर बदलताना आपला जुना उभा पियानो त्यांना देऊ केला आणि सव्वादोनशे किलोंचे ते धूड ट्रकमधून येऊन बैठकीच्या खोलीत विसावले. घरची मुलगी तेरा वर्षांची आहे. गायनवृंदाला ती कीबोर्डवर साथ करते, हात चांगला आहे. पियानो आल्याचा आनंद घरात सर्वांनाच झाला. अडचण होती ती भिंतीपलीकडे. शेजारचे गृहस्थ एस.टी.मध्ये चालक आहेत. मुक्कामी गाडी घेऊन जातात, सकाळी परततात आणि दिवसा झोपतात. मुलगी शाळेतून येऊन पियानोसमोर बसते, नेमकी त्याच वेळी त्यांची झोप लागलेली असते. त्यांनी दोनदा शांतपणे सांगून पाहिले. तिसऱ्या वेळी आवाज चढला. काकूंनी मुलीच्या आईशी बोलणे सोडले. मुलीच्या वडिलांनी मला विचारले, "फादर, विकून टाकावा का हा पियानो?"

त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. 'हळू वाजवायला सांगा' एवढेच मला सुचले. पुढे काही वाचन केले, वाद्ये दुरुस्त करणाऱ्यांशी बोललो आणि ध्यानात आले की, हळू वाजविणे हा या प्रश्नाचा अगदी लहान भाग आहे. आपल्या धर्मप्रांतात पियानो थोडे असतील. परंतु पेटी, कीबोर्ड, ढोलक, व्हायोलिन यांचा सराव घराघरांत चालतो. त्यांनाही यातील बरेचसे लागू पडावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

'पियानो' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'हळू' असा आहे. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हे पादुआचे कारागीर फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी वाद्यांची देखभाल करीत. १७०० सालाच्या सुमारास त्यांनी तारेवर हातोडीने आघात करणारे वाद्य घडविले. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे. बोट हलके टेकवा वा जोराने, आवाज जवळजवळ सारखाच निघे. नव्या वाद्यात बोटाच्या वेगानुसार आवाज लहानमोठा होऊ लागला, म्हणून त्याच्या नावात 'पियानो' आणि 'फोर्ते', म्हणजे हळू आणि मोठ्याने, असे दोन्ही शब्द आले. कालांतराने उत्तरार्ध गळून पडला आणि 'हळू' तेवढे उरले. वाद्य मात्र उलट दिशेने गेले. मोठ्या सभागृहांत ऐकू जावे म्हणून त्यात ओतीव लोखंडाची चौकट आली, जाड पोलादी तारा आल्या. आजच्या पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात जातो. असे वाद्य दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत ठेवले, तर ते शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाणार यात नवल नाही.

खरे तर घरगुती सरावासाठी युरोपात पूर्वी क्लॅव्हिकॉर्ड नावाचे वेगळेच वाद्य होते. त्याचा आवाज इतका नाजूक की, खोलीत दोन माणसे बोलू लागली तरी तो झाकला जाई. संगीतकार हॅन्डेल यांच्या बालपणाची एक कथा १७६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रात आहे. वडिलांना मुलाचे संगीत पसंत नव्हते, म्हणून एक छोटा क्लॅव्हिकॉर्ड गुपचूप माळ्यावरील खोलीत नेण्यात आला आणि घरातील सर्वजण झोपल्यावर हा मुलगा तेथे सराव करी. कथा कितपत खरी हे सोडून द्या. घरच्यांची झोप न मोडता वाजविण्याची अडचण तीनशे वर्षे जुनी आहे, एवढे तिच्यावरून दिसते.

आवाज कोणत्या वाटेने जातो?

शेजाऱ्याच्या कानापर्यंत पियानोचा आवाज दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट हवेची. तारा थरथरतात, त्यांचा कंप मागच्या मोठ्या लाकडी फळीला, म्हणजे ध्वनिफलकाला मिळतो, फळी हवा हलविते आणि तो आवाज खिडकी, दार, छत व भिंती यांतून बाहेर पडतो. दुसरी वाट घन पदार्थांची. पियानोचे पाय जमिनीवर आणि पाठ भिंतीला टेकलेली असली, तर कंप सरळ फरशीत आणि विटांत शिरतो व पलीकडच्या खोलीत पुन्हा आवाज होऊन बाहेर येतो. या दोन वाटांवरील उपाय अगदी निराळे आहेत. लोक एका वाटेचा उपाय दुसरीवर करतात आणि मग 'काहीच उपयोग झाला नाही' म्हणून हात टेकतात.

हवेच्या वाटेवर अडसर घालायचा तर वजन लागते. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत आवाज सुमारे पन्नास डेसिबलने कमी करते. सरावाच्या वेळी पियानोजवळ आवाज साधारण सत्तर ते पंच्याऐंशी डेसिबल असतो असे धरले, तर अशा भिंतीपलीकडे फारसे काही उरू नये. तरीही ऐकू येते, कारण भिंत कितीही जाड असली तरी आवाज फटीतून जातो. दाराखालची अर्ध्या इंचाची फट आणि नीट न लागणारी खिडकी जाड भिंतीचे सारे काम वाया घालवितात. आपल्याकडील जुन्या घरांत आणखी एक गोष्ट आढळते. दोन घरांमधील सामाईक भिंत टिनपत्र्यापर्यंत गेलेलीच नसते. आढ्याखाली मोकळी जागा राहते. तेथून आवाज भिंतीवरून उडी मारून पलीकडे जातो. अशा घरात भिंतीला काहीही लावले तरी व्यर्थ. आधी ती वरची जागा विटांनी बुजवावी.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीवर चिकटविल्याने आवाज थांबतो, असा एक समज फार पसरला आहे. त्याने खोलीतील घुमणे किंचित कमी होते. बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. ट्रेला वजनच नाही, तो अडविणार काय? गोधडीचे तसे नाही, परंतु तिचीही मर्यादा ओळखली पाहिजे. उभ्या पियानोचा ध्वनिफलक मागच्या बाजूला असतो. तेथे दोन-तीन जाड गोधड्या किंवा वाकळा सैल टांगल्या, तर तीव्र स्वर बऱ्यापैकी शोषले जातात, आवाजाची धार बोथट होते. खर्जाचे स्वर मात्र गोधडीला जुमानत नाहीत. पियानोचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साडेसत्तावीस कंपनांचा असतो. असे मंद कंप वस्त्रातून आरपार जातात. शेजाऱ्याला पलीकडून सूर न कळता नुसते 'धम् धम्' ऐकू येते, ते याचमुळे. आणि खरे सांगायचे तर झोप मोडण्यास तेच अधिक कारण ठरते.

जळगाव जामोदच्या त्या घरात पियानोची पाठ नेमक्या सामाईक भिंतीला टेकलेली होती. बैठकीत तीच भिंत मोकळी होती, एवढेच त्याचे कारण. म्हणजे ध्वनिफलकाचे तोंड चालकांच्या उशाकडे होते. चार माणसे लावून पियानो स्वयंपाकघराकडच्या आतल्या भिंतीजवळ आणला, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवला आणि मागे गोधड्या टांगल्या. पैशांचा काहीच खर्च झाला नाही. जे कोणी पियानो घेतील त्यांनी ही गोष्ट वाद्य घरात येण्यापूर्वीच ठरवावी, कारण एकदा ठेवलेला पियानो पुन्हा हलविण्याचा उत्साह कोणाला नसतो.

घर तळमजल्यावर असेल, फरशी थेट मुरमाच्या भरावावर बसविलेली असेल, तर दुसऱ्या वाटेची फार चिंता नको. जमीन कंप गिळून टाकते. पियानो वरच्या मजल्यावर, स्लॅबवर असेल तर मात्र चाकांखाली रबराच्या वाट्या ठेवाव्यात. त्याहून चांगले म्हणजे खाली जाड रबरी चटई, तिच्यावर प्लायवूडची फळी आणि त्या फळीवर पियानो. पियानोवर फुलदाण्या आणि तसबिरींच्या चौकटी मांडण्याची हौस असते. प्रत्येक स्वराबरोबर त्यांची काच खुळखुळते. त्या वस्तूंना दुसरी जागा शोधावी.

वैशाखातील पेच

येथवरचे उपाय पुण्या-मुंबईच्या वाचकालाही चालतील. विदर्भाचा प्रश्न वेगळा आहे, आणि पुस्तकांत तो सापडत नाही. आवाज अडवायचा तर खिडक्या बंद हव्यात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीसच्या आसपास असताना खिडक्या बंद करून कोण बसेल? आपल्याकडे खिडकीत कूलर असतो, आणि कूलर नीट चालायचा तर हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा दार उघडे लागते. म्हणजे ज्या ऋतूत शेजारी खिडक्या उघड्या टाकून झोपतो, त्याच ऋतूत आपल्याही खिडक्या उघड्या. संध्याकाळी वाजवावे तर लोक अंगणात बसलेले. पहाटे वाजवावे तर अर्धे गाव गच्चीवर झोपलेले. मध्ये भिंत नाही की छत नाही.

यात पियानोच्या प्रकृतीचाही प्रश्न गुंतलेला आहे. लाकडी ध्वनिफलकाला चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते आणि ती स्थिर असावी लागते. आपल्या उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी होते, लाकूड आकसते, तारांच्या खुंट्या सैल पडतात. त्यातच कूलरचा ओला झोत थेट पियानोवर येत असेल तर लाकूड दुपारी फुगते आणि कूलर बंद झाला की पुन्हा आकसते. ध्वनिफलकाला तडे जातात ते यामुळे. म्हणून पियानो कूलरच्या समोर कधीही नको, उन्हाच्या भिंतीला नको.

माझ्या मते उन्हाळ्यापुरती तरी तडजोड करावी. सरावाचे एका तासाचे दोन भाग करावेत. अर्धा तास खिडक्या लावून, पंख्यावर, खऱ्या पियानोवर वाजवावे. उरलेला सराव आवाज न करता. तो कसा करायचा ते पुढे सांगतो.

वाद्यातच असलेली सोय

उभ्या पियानोला खाली दोन किंवा तीन पेडल असतात. डाव्या पेडलने सर्व हातोड्या तारांच्या जवळ येतात; धाव कमी झाल्याने आघात हलका होतो. फरक जाणवतो, परंतु थोडा. मधले पेडल असल्यास त्याच्याकडे लक्ष द्यावे. अनेक उभ्या पियानोंत ते दाबून बाजूला सरकविले की हातोड्या आणि तारा यांच्या मध्ये फेल्टची एक लांब पट्टी उतरते. आवाज ऐकणाऱ्याला निम्म्याहून कमी वाटू लागतो. ही युक्ती नवी नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नाच्या पियानोंतही कापडाचा असा पडदा असे. तेव्हा तो आवाजाची छटा बदलण्यासाठी वापरीत. ज्या पियानोत ही सोय नाही, त्यात ती जाणकार कारागिराकडून बसवून घेता येते. काही पियानोंत मधल्या पेडलचे काम निराळेच असते, म्हणून आधी वरचे झाकण उघडून पाहावे.

जळगाव जामोदच्या पियानोत ही पट्टी होती, परंतु उंदरांनी तिचा निम्मा भाग फस्त केला होता. घरच्यांना ते पेडल मोडलेले आहे असेच वाटत होते. आवाज कमी करण्यासाठी पियानोच्या पोटात जुनी वर्तमानपत्रे आणि चिंध्या कोंबण्याचा सल्ला काहीजण देतात, तो याच कारणाने मानू नये. उंदीर आणि कसर यांना त्याहून सुरेख घर मिळणार नाही.

उजव्या पेडलविषयी एक सूचना. ते दाबले की सर्व तारा मोकळ्या होतात आणि न वाजविलेल्या ताराही गुंजू लागतात. नवशिक्यांना ते भरदार वाटते, पाय सतत त्याच्यावर असतो. शेजाऱ्याला होणारा निम्मा त्रास त्या पायाचा असतो. रोजच्या सरावात उजवे पेडल सोडून द्यावे. चुकाही स्पष्ट ऐकू येतील.

फेल्टची पट्टी सतत वापरू नये, असे शिक्षक सांगतात आणि ते खरे आहे. तिच्यामुळे सर्व स्वर एकसारखे मंद लागतात, बोटाच्या हलक्या-जड स्पर्शातील फरक कळेनासा होतो, आणि मुलांना जोर लावून वाजविण्याची सवय जडते. आठवड्यातून काही वेळ तरी ती वर उचलून खरा आवाज ऐकला पाहिजे.

संपूर्ण निःशब्द सरावाची सोय जपानमधून आली. तेथे लहान घरांत पियानो मोठ्या संख्येने पोहोचले आणि त्याबरोबर शेजाऱ्यांतील तंटेही. २८ ऑगस्ट १९७४ रोजी हिरात्सुका या शहरात एका इसमाने खालच्या मजल्यावरील पियानोच्या आवाजाने त्रस्त होऊन एका आईची आणि तिच्या दोन लहान मुलींची हत्या केली. तो देश या घटनेने हादरला. आवाजाचा तंटा कोठवर जाऊ शकतो याचे इतके भीषण उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. १९९३ साली यामाहा कंपनीने 'सायलेंट पियानो' बाजारात आणला. त्यात एक आडवी दांडी हातोड्यांना तारेला लागण्याच्या किंचित आधी अडविते; पट्ट्यांची हालचाल संवेदक टिपतात आणि आवाज फक्त हेडफोनमध्ये येतो. जुन्या पियानोतही अशी यंत्रणा बसविता येते, पण ती खर्चिक आहे, यंत्ररचना पुन्हा जुळवावी लागते आणि वीज गेली की हेडफोन गप्प. शिवाय पट्ट्या दाबल्याचा ठक्ठक् आवाज स्लॅबमधून खाली जातोच. सामान्य कुटुंबाने या खर्चात पडू नये असे मला वाटते. घरात किंवा चर्चमध्ये कीबोर्ड असेल, तर हेडफोन लावून त्याच्यावर स्वर पाठ करावेत आणि पियानोवर फक्त स्पर्शाचा सराव करावा. साध्या कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या असतात. पियानोचे वजन बोटांना तेथे मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

न वाजविताही बराच सराव होतो. आपल्या तबलजींना हे सांगावे लागत नाही. बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी धरायची, मांडीवर बोटे चालवायची. पढंत पक्की झाल्यावर मग तबला. पाश्चात्त्य संगीतातही हा मार्ग आहे. जर्मन पियानोवादक वाल्टर गीझेकिंग आणि त्यांचे गुरू कार्ल लायमर यांची पद्धत अशीच होती: स्वरलिपी समोर ठेवायची, वाद्याला हात न लावता ती इतकी वाचायची की संपूर्ण रचना मनात ऐकू येईल, आणि मगच पियानोकडे वळायचे. गीझेकिंग यांच्याइतकी स्मरणशक्ती आपल्यापाशी नसेल, परंतु रविवारच्या चार ओळींच्या गीतासाठी ही पद्धत कोणालाही जमते. कोणते बोट कोठे पडणार हे टेबलावर ठरवून घ्यावे. एका वेळी एकच हात, अत्यंत संथ लयीत. संथ आणि हलके वाजविताना बोटावर ताबा अधिक लागतो. जोरात वाजविलेली चूक गोंगाटात लपते. हलक्या आवाजात प्रत्येक असमान स्वर उघडा पडतो.

नियम काय सांगतो, तेही पाहू. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस सकाळी सहा ते रात्री दहा. खासगी जागेतील वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक चढता कामा नये. २०१० सालच्या दुरुस्तीने रात्रीच्या बंदीत वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख आला. अपवाद बंदिस्त सभागृहांसारख्या जागांचा. म्हणून रात्री दहानंतर पियानोचे झाकण लावावे, यात चर्चा नको.

आपण ख्रिस्ती लोकांनी एक निकाल विशेष ध्यानात ठेवावा. चेन्नईतील चर्च ऑफ गॉड या पंथाच्या प्रार्थनास्थळात ढोल, गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या साथीने उपासना होत असे. शेजारच्या वसाहतीने तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३० ऑगस्ट २००० रोजी न्यायालयाने वसाहतीच्या बाजूने कौल दिला. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे त्या निकालाचे सूत्र आहे. वृद्ध, आजारी, अभ्यास करणारी मुले यांचा त्यात आवर्जून विचार केलेला आहे. 'आम्ही देवाची गाणी वाजवितो' हे उत्तर शेजाऱ्याला देण्यापूर्वी तो निकाल आठवावा. मीही एके काळी असेच उत्तर दिले होते, नाताळच्या सरावाच्या वेळी, एका वयस्क बाईंना. त्यांचे यजमान आजारी होते, हे मला नंतर कळले.

परंतु नियमाने सर्व सुटत नाही. दुपारी चार वाजता पियानो वाजविणे कायद्याला मान्य आहे. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला ते कसे मान्य व्हावे? त्याच्या झोपेवर उद्याच्या प्रवाशांचा जीव अवलंबून आहे. आणि मुलीने सराव सोडावा असेही म्हणवत नाही. या वयात हात घडला नाही तर पुढे घडत नाही. येथे वेळापत्रकच जुळवावे लागते. ज्यांच्या गावात चर्चचे सभागृह आहे, त्यांनी धर्मगुरूंकडे दुपारचा एक तास मागावा. जेथे ते नाही, तेथे शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावे आणि विचारावे, "भाऊ, तुमची झोपेची वेळ कोणती?" जळगाव जामोदला हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. तक्रार झाली होती, उत्तरे दिली गेली होती.

पियानो विकला गेला नाही. मुलीचे वडील आणि मी शेजारी जाऊन बसलो, चहा झाला. चालकभाऊंनी सांगितले की, त्यांना आठवड्यातून तीन-चार दिवसच मुक्कामी गाडी असते आणि उरलेल्या दिवशी ते संध्याकाळी सातपर्यंत घरीच नसतात. आता ड्युटी लागली की ते तिचे वार एका चिठ्ठीवर लिहून देतात. चिठ्ठी पियानोच्या झाकणाला चिकटविलेली असते. मुक्कामाच्या दिवसांत मुलगी टेबलावर बोटे चालविते आणि कीबोर्डला हेडफोन लावते. इतर दिवशी तासभर पियानो. काकू पुन्हा बोलू लागल्या आहेत. आवाज अजून थोडा येतोच, असेही सांगतात. आढ्याखालची मोकळी जागा दिवाळीपूर्वी बुजवायची ठरली आहे. फेल्टची नवी पट्टी मुंबईहून मागविली आहे, आणि हवा स्थिरावली की पावसाळ्यानंतर ट्यूनर येईल तेव्हा तोच ती बसवून देणार आहे.